‘मुळे’ लिहिण्याआधी
इंग्रजी निबंधात कार्यकारणभाव दाखवायचा म्हटला, की आपण लगेच ‘ड्यू टू’ आणि ‘देअरफोर’ पेरत सुटतो. पण कस लागतो तो क्रियापदाचा. हे आज आपण एका उदाहरणावरून पाहू.

१९५० साली डॉल आणि हिल यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं, की धूम्रपान हा फुप्फुसाच्या कर्करोगामागचा एक महत्त्वाचा घटक आहे. लक्षात घ्या, ‘एक’ घटक. १९५४मध्ये अमेरिकी तंबाखू कंपन्यांनी वृत्तपत्रांत जाहिरात दिली: सिगारेट हे या रोगाचं एक कारण असल्याचा पुरावा नाही. भाषा तितकीच संयत, काम मात्र उलटं. डॉल-हिल यांचा संयम पुराव्याच्या मापाचा होता. जाहिरातीतला संयम पुरावा झाकायला होता.

१९६४च्या सर्जन जनरलच्या अहवालाने पुरुषांबाबत कार्यकारणसंबंध असल्याचं स्पष्ट लिहिलं. स्त्रियांची माहिती कमी होती, म्हणून ती ‘त्याच दिशेला जाते’, एवढंच म्हटलं. एकाच निष्कर्षात दोन मापं! आम्हाला हे गद्य म्हणूनही मोलाचं वाटतं.

तेव्हा ‘असोसिएटेड विथ’, ‘कॉन्ट्रिब्यूट्स टू’ आणि ‘कॉजेस’ यांना आपण एकाच ‘मुळे’त कोंबू नये. हातात जेवढा पुरावा, तेवढंच क्रियापद.