दोन पानांचा पेपर, नऊ अंकांची पट्टी

पेपर वाचताना निष्कर्षाआधी एक प्रश्न विचारायची सवय लावा: यांनी नेमकं काय मोजलंय? आजचा पेपर त्यासाठी उत्तम आहे. १९८३ साली ‘इक्वाइन व्हेटरिनरी जर्नल’मध्ये आलेला हेनेकी आणि सहकाऱ्यांचा. जेमतेम दोन पानं. पण घोड्याची अंगलट १ ते ९ अंकांत सांगायची जी पद्धत आज जगभर वापरतात, ती यातली.

आधी त्याचं श्रेय त्याला देऊ. उन्हाळ्यात कुरण करपलं की घोडा जाडंभरडं, चोथट गवत खातो. पोट सुटतं आणि लांबून जनावर भरलेलं दिसतं. ही पट्टी तुम्हाला हात लावायला सांगते: मान, खांद्यावरचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर, शेपटीचा बुंधा. सहा जागा, प्रत्येकीचं शब्दांत वर्णन. वजनकाटा नसला तरी चालतं. सुटलेल्या पोटाला न फसणारं इतकं स्वस्त साधन दुसरं क्वचितच असेल.

आता त्रुटी बघू. पट्टी बेतली गेली ती क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्यांवर. अंगातली चरबीही थेट मोजलेली नाही. पुठ्ठ्यावरच्या चरबीची जाडी अल्ट्रासाउंडनं मोजून तिच्यावरून अंदाज काढलाय. म्हणजे एका अंदाजाची दुसऱ्या अंदाजाशी तुलना. शिवाय पट्टी चरबीचा थर सांगते, स्नायूंचा वेगळा हिशेब ठेवत नाही. म्हाताऱ्या किंवा उपाशी घोड्याचे पाठीचे स्नायू झिजतात, ते या एका अंकात नीट पकडले जात नाहीत.

आणखी एक गोष्ट, जिथे आपण सगळेच चुकतो. हे अंक क्रमाचे आहेत, अंतराचे नाहीत. ४ वरून ५ वर जाणं आणि ७ वरून ८ वर जाणं सारखं नसतं. तरी लोक बिनधास्त सरासरी काढतात.

हे नुसतं तात्त्विक नाही. २०११ चा टेक्सासचा दुष्काळ घ्या. कुरणं वाळली, गवताच्या गठ्ठ्यांची टंचाई झाली. अशा वेळी कुणी फक्त या अंकावर विसंबलं तर? अमेरिकेच्या एनआरसीच्या २००७ च्या आहारग्रंथातल्या अंदाजानुसार ५०० किलोच्या घोड्याला एक अंक वर चढायला साधारण १६ ते २० किलो वजन वाढावं लागतं. उतरतानाही अंक लगेच हलत नाही असं धरलं, तर ५ चा ४ होईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून दर आठवड्याला छातीचा घेरही टेपनं मोजून लिहून ठेवावा.

अंक कारणही सांगत नाही. चारा कमी पडला, दात झिजले की पोटात जंत झाले? तिन्हींत अंक ३ येऊ शकतो, उपाय मात्र वेगळे. चाराच कमी असेल तर आधी चांगलं गवत: कोरड्या वजनात धरून शरीराच्या वजनाच्या निदान दीड ते दोन टक्के, म्हणजे ५०० किलोला रोज साडेसात ते दहा किलो. मग थोडं लसूणघास किंवा तेल, हळूहळू वाढवत. ‘अंक वाढवायचाय’ म्हणून एकदम धान्याचं घमेलं पुढे ठेवलं तर पोटशूळ उठू शकतो, खुरांची सूज येऊ शकते. अंक सुधारायच्या नादात घोडा जायचा.

मग पेपर वाईट आहे का? मुळीच नाही. लेखकांनी आपल्यापुढच्या प्रश्नासाठी चोख साधन बनवलं; ते कुठेही, कशालाही लावायची घाई नंतरच्यांची. तुमच्या प्रस्तावात असं उसनं साधन येईल तेव्हा तीन ओळी जरूर लिहा: ते कुणावर बेतलं, काय मोजतं, काय मोजत नाही. मार्गदर्शकांनी विचारायच्या आत.