दारिद्र्याची कैफियत आणि युद्धपट

अल्प खर्चात काढलेल्या युद्धपटावर टीका झाली की निर्मात्याच्या बाजूने एक ठराविक कैफियत दाखल होते : पैसा नव्हता. वकिलीत वीस वर्षे काढल्यामुळे या कैफियतीचे मोल आम्हांला ठाऊक आहे. दारिद्र्याने न्यायाधीशाचे मन द्रवेल, पण दाव्याला ते उत्तर होत नाही. शिवाय रणांगणाला पैसाच लागतो असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या गोव्या-कोकणातले दशावतारी नाटक एकदा पाहावे. देवळापुढचे अंगण, दोन नट, लाकडी तलवारी, पखवाज आणि झांज. एवढ्या भांडवलावर तुंबळ युद्ध होते आणि सैन्य कोठे आहे, असे कोणी विचारीत नाही. नट आणि प्रेक्षक यांच्यात तसा करारच झालेला असतो.

चित्रपटाचा करार वेगळा. कॅमेरा 'असे समजा' म्हणत नाही, 'असे झाले' म्हणतो. तो जणू शपथेवर बोलतो. म्हणून गरीब युद्धपटाचा खरा दोष त्याच्या गरिबीत नसून ती लपविण्यासाठी तो देत असलेल्या खोट्या साक्षीत आहे, असे आमचे मत आहे.

रॉजर कॉर्मन यांचा १९६० सालचा 'स्की ट्रूप अटॅक' घ्या. शत्रूच्या पिछाडीस शिरलेली अमेरिकन तुकडी आणि उडवून द्यायचा रेल्वेपूल, अशी कथा. चित्रीकरण दक्षिण डकोटातील बर्फात झाले. शेजारच्या दोन गावांतल्या शाळांचे स्की-संघ आणून एकाला अमेरिकन आणि दुसऱ्याला जर्मन करण्यात आले. जर्मनाचे काम करणारा इसम पाय मोडून बसला तेव्हा दिग्दर्शक स्वतःच ती भूमिका करावयास उभे राहिले. ही हिकमत आम्हांला मनापासून आवडते. परंतु पडद्यावर जर्मन कोसळतो तेव्हा कोणी मेले असे वाटत नाही. एक अडथळा दूर झाला, इतकेच वाटते. शत्रूला भीती असणे, भूक असणे, घरचे पत्र येणे, यांना एक डॉलरही पडत नाही. नेमक्या या फुकटच्या गोष्टींचीच अशा चित्रपटांत काटकसर असते.

याहून गंभीर बाब उसन्या चित्रफितीची. लढाईचा देखावा परवडत नाही, म्हणून जुन्या वार्तापटातले तुकडे मध्ये जोडायचे. ही सवय श्रीमंतांनाही लागलेली आहे. १९७६ च्या 'मिडवे' या मोठ्या चित्रपटात १९४२ च्या लढाईच्या प्रसंगी एक जेट विमान जहाजाच्या डेकवर आपटून पेट घेते. ते दृश्य १९५१ सालच्या एका खऱ्या अपघाताचे आहे. त्यातला वैमानिक भाजला, पण वाचला. पुढे अनेक वर्षे तो वेगवेगळ्या चित्रपटांत निरनिराळ्या काल्पनिक माणसांच्या नावाने जळत राहिला. विमान चुकीच्या काळातले आहे, याची आमचे चोखंदळ मित्र थट्टा करतात. आम्हांला तिचे हसू येत नाही. एकाच्या अंगावरची जखम दुसऱ्याच्या प्रकरणात पुरावा म्हणून हजर केली, तर कोणते न्यायालय ती दाखल करून घेईल ?

स्टॅन्ले कुब्रिक यांचा पहिला चित्रपट, १९५३ चा 'फियर अँड डिझायर', या पापातून सुटला आहे. पण दुसऱ्यात अडकला. युद्ध दाखविता येत नाही म्हणून त्यात पात्रे युद्धावर चिंतन करतात, आणि तेही अखंड. कुब्रिक यांनाच पुढे या कृतीची लाज वाटे, हे त्यांच्या रसिकतेला धरूनच आहे.

मग सॅम्युएल फुलर यांचा 'द स्टील हेल्मेट' आठवतो. कोरियातले युद्ध १९५० च्या जूनमध्ये पेटले आणि १९५१ च्या आरंभी हा चित्रपट प्रदर्शितही झाला. खर्च सुमारे एक लाख डॉलर, चित्रीकरण दहा दिवसांचे, सैन्य म्हणून विद्यापीठातले पंचवीस विद्यार्थी, आणि रणगाडा प्लायवूडचा ! रणांगण म्हणून लॉस एंजेलिसमधली एक बाग आणि पुष्कळसे धुके. धुक्यात सैन्य दिसत नाही, हे फुलर यांनी ओळखले. ते स्वतः दुसऱ्या महायुद्धात पायदळात लढले होते आणि सैनिकाला समोरचे फारसे दिसतच नाही, हे त्यांना ठाऊक होते.

एका बौद्ध मंदिरात मूठभर माणसे आणि एक उत्तर कोरियन कैदी. हा कैदी निग्रो परिचारक सैनिकाला विचारतो की तुझ्या देशात तुला बसच्या मागच्या बाकावर का बसावे लागते. जपानी वंशाच्या सार्जंटला तो महायुद्धकाळातल्या अमेरिकन छावण्यांची आठवण देतो. या संभाषणाला किती खर्च आला असेल ? तरी १९५१ च्या अमेरिकेत ते ऐकविण्याचे धैर्य श्रीमंत स्टुडिओंजवळ नव्हते. पुढे सार्जंट झॅकच्या मागे लागलेला कोरियन पोरगा मारला जातो, त्याने लिहिलेल्या प्रार्थनेची कैदी थट्टा करतो, आणि झॅक त्या निःशस्त्र कैद्यावर गोळी झाडतो. लगेच भानावर येऊन, तू मेलास तर याद राख, अशी त्यालाच दटावणी देतो. युद्धकैद्यांच्या संरक्षणाचा जिनीव्हा करार होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. कायद्याचे पुस्तक हाती धरणाऱ्या आमच्यासारख्याला हा प्रसंग आजही स्वस्थ बसू देत नाही.

अमेरिकन लष्करालाही तो रुचला नाही. आमचा सैनिक असे करीत नाही, म्हणून फुलर यांना जाब विचारण्यात आला. तेव्हा असे घडते हे सांगण्यासाठी त्यांनी आपल्या जुन्या वरिष्ठ अधिकाऱ्याची साक्ष काढली. प्लायवूडच्या रणगाड्याबद्दल त्यांना कोणी काही विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.