'क्लाइओ' आणि 'दाक्रुओ' : बायबलच्या मराठी भाषांतरातील एक अर्थप्रश्न

प्रास्ताविक : बायबलच्या मराठी भाषांतराची परंपरा दोनशे वर्षांहून जुनी आहे. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूर येथून १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले सुबोध मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रकाशित झाले. या परंपरेचा विचार प्रामुख्याने धर्मप्रसार व गद्यविकास या अंगांनी होतो. शब्दांच्या अर्थच्छटांचा विचार मात्र मागे राहतो. प्रस्तुत लेखात रुदनवाचक दोन ग्रीक क्रियापदांच्या आधारे हा प्रश्न तपासला आहे.

विवेचन : योहानकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात लाजराच्या मृत्यूनंतर त्याची बहीण मरीया व तिच्यासोबतचे यहुदी रडतात. तेथे (वचन ३३) 'क्लाइओ' हे क्रियापद आहे. येशूसाठी मात्र (वचन ३५) 'दाक्रुओ' हे क्रियापद येते. 'अश्रू' या अर्थाच्या नामाशी निगडित असलेले हे क्रियापद संपूर्ण नव्या करारात केवळ येथेच आढळते. जेरोमने लॅटिनमध्ये दोन स्वतंत्र क्रियापदे वापरून हा भेद राखला. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तो लोपला. प्रचलित मराठी भाषांतरातही दोन्ही ठिकाणी 'रडणे' हेच क्रियापद आहे.

तथापि 'क्लाइओ' म्हणजे आक्रोश आणि 'दाक्रुओ' म्हणजे मूक अश्रू, असे सरसकट समीकरण मांडता येत नाही. लूककृत शुभवर्तमानात (१९:४१) यरुशलेमकडे पाहून येशू रडतो, तेथे 'क्लाइओ'च आहे. त्यामुळे मोठ्याने रडणे येशूच्या प्रतिष्ठेला साजत नाही, म्हणून योहानाने शब्द बदलला, हा युक्तिवाद टिकत नाही. भेद व्यक्तीच्या थोरवीचा नसून प्रसंगाचा आहे. एकीकडे समुदायाचा शोक आहे, तर दुसरीकडे एका व्यक्तीचे दृश्यमान अश्रू. पुढच्याच वचनात उपस्थितांना येशूचे लाजरावरील प्रेम जाणवते ते या अश्रूंवरूनच.

हा भेद मराठीला अपरिचित नाही. मराठवाड्यात मर्तिकाच्या घरी स्त्रिया हेल काढून रडतात. त्याच घरी कोणाच्या डोळ्यांतून नुसतीच आसवे गळतात. या दोन्हींना आपली बोली एकच शब्द वापरत नाही. शिवाय 'रडका', 'रडगाणे', 'रडतराऊत' या शब्दांमुळे 'रडणे'ला दुबळेपणाची छटा चिकटली आहे. पर्यायांनाही मर्यादा आहेत. 'डोळे पाणावणे' अपुरे पडते, तर 'अश्रू ढाळणे' यात 'नक्राश्रू'मुळे कृत्रिमतेचा संशय येतो. 'विलाप' हा तत्सम शब्द नेमका उलट अर्थ देतो.

निष्कर्ष : मूळ ग्रीक वचन अवघ्या तीन शब्दांचे आहे. त्याचा लाघवगुण राखून 'येशूची आसवे ओघळली' असे भाषांतर शक्य आहे. 'रडणे' चुकीचे नाही. परंतु त्यामुळे योहानाने एकदाच योजलेला शब्द इतर शब्दांत मिसळून जातो. भाषांतराची समीक्षा करताना शब्दार्थाइतकाच शब्दांमधील भेदही तपासला जाणे आवश्यक आहे.