‘मित्राची गोष्ट’ आणि पहूरचा एक प्रश्न

वाघूरकाठच्या पहूर गांवाहून आमच्या एका वाचकांनीं आम्हांस विचारलें आहे कीं, विजय तेंडुलकरांचें ‘मित्राची गोष्ट’ हें नाटक खरें आहे काय? नाटकाविषयीं असा प्रश्न करणाऱ्यास भोळा समजण्याची टीकाकारांत रीत आहे. परंतु ह्या गृहस्थांचा प्रश्न भोळा नाहीं. त्यांची कन्या यंदा बारावी उत्तीर्ण झाली. आपलें मन मुलांकडे नव्हे, मुलींकडेच ओढ घेतें, हें तिनें महिन्यापूर्वीं आईबापांस सांगितलें. त्यांनीं आकांडतांडव केलें नाहीं, हें त्यांस भूषणावह आहे. मात्र कोणा स्नेह्यानें हें नाटक त्यांच्या हातीं दिलें, तें त्यांनीं एका रात्रींत वाचून काढलें, आणि मुलीस जळगांवास किंवा पुण्यास वसतिगृहांत ठेवण्याचा बेत सकाळीं मोडला. मित्राचें कॉलेजांत जें झालें तेंच आपल्या मुलीचें होईल. त्यापेक्षां तिनें घरीं बसून बाहेरून परीक्षा द्यावी, असें त्यांस वाटतें. एका मुलीचें शिक्षण नाटकाच्या अर्थावर अडलें आहे. तेव्हां तो अर्थ नीट लावणें हें आमचें काम ठरतें.

नाटक १९८१ सालीं रंगभूमीवर आलें. मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी ह्यांनीं केली. कथानकाचा काळ मात्र स्वातंत्र्यापूर्वींचा, आणि स्थळ पुण्यांतील कॉलेज. सुमित्रा देव ही तेजस्वी, बेधडक विद्यार्थिनी. तिचें नमा नांवाच्या मुलीवर प्रेम बसतें. भिडस्त बापू तिचा विश्वासू मित्र होतो. आणि नमेवर हक्क सांगणारा दळवी ह्या प्रेमाचें गुपित हत्यारासारखें वापरतो. शेवट मित्राच्या आत्मनाशांत होतो.

तेंडुलकरांची दृष्टि किती तीक्ष्ण आहे हें समजण्यास त्या कॉलेजांत मित्रास जागा कोठें मिळते तेवढें पाहावें. एक जागा रंगमंचावर: तेथें ती पुरुषाचा वेष घेऊन नमेसमोर उभी राहते, तोंवर कोणास कांहीं खटकत नाहीं. दुसरी जागा म्हणजे बापूची उसनी खोली. सोंगांत किंवा चोरून, ह्याखेरीज तिसरी जागा त्या संस्थेपाशीं नाहीं. दळवी दुष्ट खराच. पण त्याच्या हातांतील गुपितास धार कोणामुळें येते? ऐकावयास टपलेल्या भोंवतालच्या मंडळींमुळें. ऐकणाराच नसता तर तें गुपित कवडीमोलाचें होतें. आणि बापू? तो मनाचा चांगला आहे. खोली देतो, ऐकून घेतो. परंतु त्याचें चांगुलपण एकट्याचें असल्यामुळें तें थकतें, आणि अखेरीस तोहि दूर होतो. आम्हांस सर्वांत अस्वस्थ करणारें पात्र हेंच वाटलें. आपणांपैकीं बहुतेक जण त्याच्याच पंक्तीस बसणारे आहों.

पहूरच्या वाचकांच्या नजरेंतून मात्र एक गोष्ट निसटली. मित्रा मरणाच्या दाराशीं प्रथम जाते ती कॉलेजांतील छळामुळें नव्हे. आपण पुरुषाशीं संसार करूं शकणार नाहीं हें तिला उमगतें आणि तें सांगण्यासारखें घरांत कोणीच नसतें, तेव्हां ती वेळ येते. घर म्हणजे आसरा आणि कॉलेज म्हणजे संकट, अशी वांटणी नाटककारानें केलेलीच नाहीं. ह्या मुलीनें घरीं सांगितलें आणि घरानें ऐकलें. मित्राच्या वांट्यास जें आलें नाहीं तें हिला आधींच लाभलें आहे.

नाटकाचें वैगुण्यहि सांगितलें पाहिजे. मित्रास तिच्यासारखी दुसरी व्यक्ति नाटकभर भेटत नाहीं. जो भेटतो तो भितो, नाहीं तर लुबाडतो. शोकांतिकेस हा अधिकार आहे. पण शोकांतिकेंतील अटळपणा हा सृष्टीचा नियम नव्हे. सचिन कुंडलकर ह्यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) ह्या कादंबरींत एकाच भाडेकरूवर भाऊ आणि बहीण दोघेंहि प्रेम करतात. तो निघून जातो, भाऊ उन्मळतो, परंतु मरत नाहीं. आमच्या वाचकांनीं हें दुसरें पुस्तकहि घरांत आणावें.

काळहि पालटला आहे. नाटक लिहिलें गेलें तेव्हां दंडविधानांतील ३७७ वें कलम जागें होतें. सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतें तें रद्द केलें. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१६ सालीं रॅगिंगच्या व्याख्येंत लैंगिक कलावरून केलेला छळहि घातला. तेव्हां कॉलेजांतील आजच्या दळवीविरुद्ध तक्रार करावयास निदान जागा आहे. विवाहाची मान्यता मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालानें नाकारली. पवईच्या आय. आय. टी. मध्यें ‘साथी’ हा विद्यार्थ्यांचा गट २०११ पासूनचा. पण पवईस प्रवेश मिळणें किती जणांच्या हातीं असतें? पहुरास जवळचें तें जळगांव; तेथील विद्यापीठ १९९० चें.

खानदेशानें भिऊन असावें असें आम्हांस वाटत नाहीं. जळगांव तालुक्यांतीलच भादली बुद्रुक येथें जानेवारी २०२१ मध्यें अंजली पाटील ह्या तृतीयपंथी उमेदवार, स्त्रियांच्या राखीव जागेवर लढण्याचा हक्क उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडून मिळवून, ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. खेड्यांतील मतदारांस जें जमलें तें प्राध्यापकांस जमूं नये काय? आणि वसतिगृह कसें असावें ह्याचा कित्ता तर अमळनेरासच आहे. १९२४ ते १९३० ह्या काळांत साने गुरुजी तेथें शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळीत होते. मुलांसाठीं ते हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढीत. मुलाच्या मनांत काय चाललें आहे हें जाणून घेणें त्यांस व्यवस्थापकाच्या कामाबाहेरचें वाटत नसे.

म्हणून कॉलेज निवडतांना माहितीपत्रकावरील रंगीत चित्रांस आम्ही फारसें महत्त्व देणार नाहीं. वडिलांनीं प्रवेशाच्या गर्दींत न जातां एखाद्या साध्या दिवशीं जावें. रॅगिंगविरोधी समितीचीं नांवें फलकावर आहेत काय, आणि २०१६ ची दुरुस्ती त्या सभासदांस ठाऊक आहे काय, हें विचारावें. ग्रंथालयांत वरील दोन्ही पुस्तकें मागून पाहावीं. पुस्तक नसलें तर बिघडत नाहीं, मागणाऱ्याकडे ग्रंथपाल कसा पाहतो तें महत्त्वाचें. शेवटच्या वर्षाच्या मुलींशीं कँटीनमध्यें मुलीनें स्वतः बोलावें. आणि वसतिगृहाच्या रेक्टरबाईंस एवढेंच विचारावें कीं, खोलींतल्या एका मुलीनें दुसरीच्या अशा स्वभावाबद्दल तक्रार केली, तर तुम्ही कोणास खोलीबाहेर काढाल? हा प्रश्न सामान्य म्हणून विचारावा. कन्येचें नांव त्यांत येऊं देऊं नये. तें गुपित तिचें आहे, वडिलांचें नव्हे.

रेक्टरबाईंनीं काय उत्तर दिलें तें आमच्या वाचकांनीं आम्हांस अवश्य कळवावें. नाटकाची प्रत मुलीपासून दडवून ठेविल्याचें ते लिहितात. तिनें मागितल्यास ती तिला द्यावी.