अली म्हातारा होता, हे कुणाच्या खात्यात धरायचं?

गेल्या आठवड्यात मंडईत चहा घेताना शेजारचा वाद कानावर पडला. एक काका म्हणत होते, "अली कसला ग्रेट? होम्सनं धुतला त्याला." दुसरे म्हणाले, "अहो, तेव्हा अली अडतीस वर्षांचा होता!" दोघंही खरं बोलत होते, तरी वाद सुटेना. सिनॉप्सिस लिहिताना आपलंही असंच होतं, म्हणून हे लिहितोय.

आधी पहिल्या काकांचं बघू. मुहम्मद अलीच्या व्यावसायिक लढती ६१, विजय ५६, पराभव ५. या पाचांपैकी ३ पराभव शेवटच्या ४ लढतींतले आहेत, १९७८ ते १९८१ मधले. म्हणजे आधीच्या ५७ लढतींत तो फक्त दोनदा हरला. सगळ्या लढती एका पोत्यात घालून काढलेला निष्कर्ष इथेच फसतो.

पण दुसऱ्या काकांचा मुद्दाही तपासा. "हरला, कारण भर ओसरला होता." भर ओसरला हे कशावरून? "हरला की!" हा गोल गोल फिरणारा युक्तिवाद झाला. १९७४ मध्ये ३२ वर्षांच्या अलीनं २५ वर्षांच्या फोरमनला पाडलं. तिथे हरला असता, तर आपण तेव्हाच त्याचा भर संपवला असता. म्हणून भराची व्याख्या निकाल बघण्याआधी करायची: वय, पायांची चपळाई, खाल्लेले ठोसे, काहीही घ्या, पण आधी ठरवा.

आणखी एक अडचण आहे. सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे १९६७ ते १९७० अली रिंगणाबाहेर होता. वय २५ ते २८. कदाचित ऐन भराचीच वर्षं, आणि नेमकी त्यांचीच नोंद नाही! जी माहिती हाताशी नाही, तिच्यामुळेही निष्कर्ष वाकतो.

आता आपल्या खाशाबा जाधवांकडे या. १९४८, लंडन: फ्लायवेट, सहावा क्रमांक. १९५२, हेलसिंकी: बँटमवेट, कांस्यपदक. सरळ म्हणावंसं वाटतं की चार वर्षांत पैलवान भरात आला. पण वजनगट बदलला होता. शिवाय तांबड्या मातीतला हा मल्ल लंडनला मॅटवर नवखा होता. मग वाढलं काय, ताकद की मॅटची सवय? दोन ठिपक्यांवरून ते सांगता येत नाही. आणि हेलसिंकीत ते ज्या दोघांकडून हरले, त्यांनीच सुवर्ण आणि रौप्य नेलं. नुसता 'पराभव' असा रकाना भरला, तर ही गोष्ट पुसली जाते.

माझ्या पहिल्या आराखड्यात मी 'उत्कर्षकाळ' हा शब्द अकरा वेळा वापरला होता, व्याख्या एकदाही नव्हती. गाईडनी प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीनं फक्त 'म्हणजे?' लिहून परत दिला. राग आला होता. आता वाटतं, एवढं एक प्रश्नचिन्ह वेळेवर भेटलं हे बरं झालं.

तर तुमच्या विषयात तीन गोष्टी विचारा. व्याख्या निकालाआधी केली का? समोर कोण होतं, ते नोंदवलं का? आणि कोणती वर्षं गायब आहेत?

मंडईतले काका अजून भांडतच असतील. होम्सचं काय, हे मात्र दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. थकलेल्या अलीला हरवलं म्हणून त्याचा विजय अर्धाच धरायचा का? ते तुम्ही ठरवा, पण अलीला लावलेलं मापच त्यालाही लावा.