फिशआय लेन्स आणि देहाची झेप : स्केटबोर्डपासून मल्लखांबापर्यंत

क्रीडाछायाचित्राची समीक्षा आपल्याकडे बहुधा ‘क्षण अचूक टिपला’ या शेऱ्यापाशी थांबते. तो क्षण किती अंतरावरून टिपला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. फिशआय लेन्सच्या संदर्भात मात्र तो टाळता येत नाही.

या लेन्सचा जन्म क्रीडांगणावर झालेला नाही. पाण्याखालून माशाला वरचे जग कसे दिसत असेल, याचा शोध आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०६ मध्ये घेतला. १९२० च्या दशकात रॉबिन हिल यांनी ढगांच्या अभ्यासासाठी संपूर्ण आकाश टिपणारी लेन्स घडविली. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील कोरड्या पोहण्याच्या तलावांत स्केटबोर्डवाले उतरले, आणि काठावरच्या अपुऱ्या जागेतून खेळाडू, भिंत व तळ एकत्र पकडण्यासाठी छायाचित्रकारांना हीच लेन्स सोयीची ठरली. येथे अंतर हातभर असते. १६ मिलिमीटरची लेन्स एफ ८ वर ठेवून एक मीटरवर फोकस केल्यास सुमारे अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही स्पष्ट येते; फोकसची चिंता उरत नाही, लक्ष देहाच्या हालचालीवर राहते. खेळाडू कोठून आला, कशावरून उडाला आणि कोठे उतरणार, हे तिन्ही एका चौकटीत मावते. फिशआयचा खरा गुण माझ्या मते हाच होय.

तथापि नेमक्या याच लेन्समध्ये खोटे बोलण्याची सोयही आहे. कॅमेरा जमिनीलगत ठेवून वर रोखला की क्षितिज चौकटीच्या खालच्या भागात जाते आणि वाडग्यासारखे वाकते. सपाट जमीनही उतार भासते आणि गुडघाभर उडी पुरुषभर दिसते. स्केटबोर्डचा जाणकार वाचक ही अतिशयोक्ती वजा करून चित्र वाचतो. सामान्य वाचक करीत नाही. जे. ग्रँट ब्रिटन यांचे ‘ट्रान्सवर्ल्ड स्केटबोर्डिंग’च्या जून १९८७ च्या मुखपृष्ठावरील छायाचित्र येथे आठवावे. त्यात कसरत नाही, फिशआयही नाही. पाय मारून पुढे जाणारा एक खेळाडू आहे. लेन्सच्या करामतीवाचूनही गती दिसते, याचा तो पुरावा आहे.

वऱ्हाडातील वाचकाला याची कसोटी लावायला मल्लखांब जवळचा आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती. २०२२ च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मल्लखांब आणि स्केटबोर्डिंग हे दोन्ही होते; स्केटबोर्डिंगचे सुवर्णपदक पुण्याच्या श्रद्धा गायकवाड यांनी मिळविले. म्हणजे हे दोन खेळ वाटतात तितके परके राहिलेले नाहीत. त्यांच्या छायाचित्रणाची रीत मात्र भिन्न आहे. मल्लखांबाचे चित्र बहुधा दुरून, लांब पल्ल्याच्या लेन्सने घेतले जाते. परिणामी जमीन कापली जाते, अढी कोठे बसली ते दिसत नाही आणि खेळाडू एखाद्या आसनात स्थिर बसल्यासारखा वाटतो. गतीचा खेळ शिल्पासारखा दाखविण्याची ही सवय मला सदोष वाटते.

फिशआय येथे उपयोगी पडू शकते, पण स्केटबोर्डची युक्ती जशीच्या तशी उचलून नव्हे. खांब हे या खेळाचे मोजमाप आहे. तो धनुष्यासारखा वाकला की उंची, तोल आणि पकड या सर्वांवरचा विश्वास जातो. फिशआयमध्ये केंद्रातून जाणारी रेषा सरळ राहते. म्हणून खांब चौकटीच्या मध्यरेषेवर घ्यावा आणि वाकणे जमिनीच्या वाट्याला येऊ द्यावे. मांडीची अढी लेन्सच्या जवळ येईल अशी बाजू निवडल्यास पकड मोठी दिसते, आणि येथे ती अतिशयोक्ती योग्यच आहे, कारण सारा देह त्या पकडीवरच तोललेला असतो. दसरंगासारख्या वेगवान प्रकारात हात, खांब व जमीन यांचा संबंध एका दृष्टिक्षेपात कळतो.

अमरावती-अकोल्याच्या उघड्या मैदानांवर आणखी एक अडचण संभवते. दृष्टिक्षेत्र इतके विस्तृत असते की संध्याकाळचा तिरपा सूर्य बहुधा चौकटीत येतोच, आणि पुढची काच फुगीर असल्याने साधा फिल्टर किंवा मोठे हूड बसविता येत नाही. सूर्य खांबाआड घेणे हा त्यातल्या त्यात बरा उपाय. मात्र इतक्या जवळ बसायचे तर खेळाडू कोणत्या बाजूला उडी घेऊन उतरणार, हे वस्तादांना आधी विचारून घ्यावे लागते.