आकाशवाणी व दूरदर्शन : वाद आणि टीका

भारताच्या राष्ट्रीय प्रसारणसंस्थांच्या धोरणाविषयी व कारभाराविषयी वेळोवेळी उद्‌भवलेले वाद. अभिरुची, भाषा, राजकीय निःपक्षपात असे त्यांचे विषय निरनिराळे असले, तरी श्रोत्याने काय ऐकावे हे कोणी ठरवावयाचे, हाच त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न होय.

आरंभीचे वाद मुख्यत्वे संगीतविषयक होते. हार्मोनियमचे ठराविक स्वर भारतीय श्रुतींशी जुळत नाहीत, या कारणास्तव १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओवर त्या वाद्यास बंदी घालण्यात आली. मराठी नाट्यसंगीतात ते रूढ असल्याने महाराष्ट्राच्या दृष्टीने ही बंदी विशेष जाचक होती. १९७१ मध्ये ती शिथिल झाली. मूळ आक्षेप शास्त्रदृष्ट्या निराधार नव्हता. तथापि शास्त्रीय मताचे प्रशासकीय हुकमात रूपांतर करणे समर्थनीय ठरत नाही. बा. वि. केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री असताना (१९५२–६२) चित्रपटगीतांवर निर्बंध आले, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये सुरू झालेली ‘विविध भारती’ ही या धोरणाच्या अपयशाची एक प्रकारे कबुलीच होती. केसकरांच्या काळात अभिजात संगीतास मिळालेला आश्रय मात्र नाकारता येत नाही.

आणीबाणीत (१९७५–७७) या माध्यमांचा वापर उघडपणे सरकारी प्रचारासाठी झाला. सरकारी कार्यक्रमांच्या प्रसिद्धीस सहकार्य न केल्यामुळे किशोरकुमार यांची गाणी १९७६ मध्ये बंद करण्यात आली. चंदा समितीने १९६६ मध्येच स्वायत्ततेची शिफारस केली होती. वर्गीस समितीने १९७८ मध्ये तिचा पुनरुच्चार केला.

दूरदर्शनवरील टीका दोन्ही बाजूंनी झाली. १९८८ मध्ये गोविंद निहलानी यांची तमस ही मालिका दाखविण्यास आक्षेप घेण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहून प्रसारणास मोकळीक दिली व सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय उचलून धरला. उलट आनंद पटवर्धन यांचे माहितीपट दाखविण्यास दूरदर्शननेच नकार दिला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा एका प्रकरणी तो नकार अमान्य केला.

प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. १९९० चा प्रसारभारती अधिनियम १९९७ मध्ये अंमलात आला. परंतु महामंडळाच्या खर्चाचा मोठा भाग शासकीय अनुदानातून भागविला जात असल्याने ही स्वायत्तता अपुरीच राहिली. खाजगी एफएम केंद्रांना स्वतःची वार्तापत्रे देण्यास मनाई असल्याने या उणिवेचे गांभीर्य वाढते.

नासिक जिल्ह्यातील कळवणसारख्या आदिवासीबहुल तालुक्यात कोकणा, भिल्ली, अहिराणी इ. बोली प्रचलित आहेत. अशा भागातील श्रोत्याचे जीवन, त्याची बोली व त्याचा जिल्हा यांना प्रसारणात कितपत स्थान मिळते, ही सार्वजनिक प्रसारणाची खरी कसोटी होय. १९५६ मध्ये मुंबई राज्याच्या मराठी भाषिक जिल्ह्यांतील १५० खेड्यांत शेतकरी मंडळांचा प्रयोग झाला. त्यात ग्रामस्थ कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत व आपले प्रश्न पुणे केंद्राकडे पाठवीत. याउलट, २०२३ मध्ये त्याच पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय घेण्यात आला व जनमताच्या विरोधामुळे तो स्थगित करावा लागला. श्रोत्यांचा हा विरोध प्रसारणसंस्थेविषयीच्या आस्थेतूनच आला होता. या संस्थांवरील टीकेचे मोल ठरविताना ही आस्था ध्यानात घेणे आवश्यक आहे.